खजुराच्या कोठारातली वास्तुशांत

आमचं घर मुळात माणसांसाठी बांधलेलंच नव्हतं, खजुरांसाठी बांधलं होतं. शारजाहून आत वाळवंटाकडे गेलं की धैद लागतं, आणि धैदच्या थोडं अलीकडे अरबाबचा मज्रा होता. अरबाब म्हणजे मालक आणि मज्रा म्हणजे शेत. हे शब्द आमच्या तोंडी इतके बसले की चिपळूणला सुट्टीत गेल्यावर मी आजोबांच्या चार गुंठ्यांनाही मज्रा म्हणत असे आणि चुलत भावंडं फिदीफिदी हसत. त्या मज्र्याच्या मधोमध जाड मातीच्या भिंतींची, एकही खिडकी नसलेली, ठेंगण्या दाराची एक जुनी इमारत होती. तिला मदबसा म्हणत. अरबाबच्या आजोबांच्या काळात तिथे खजुरांची पोती आढ्यापर्यंत रचून ठेवायचे. वरच्या वजनानं खालचे खजूर दबायचे, त्यांचा काकवीसारखा पाक सुटायचा, आणि जमिनीत मुद्दाम पाडलेल्या पन्हळींमधून वाहत वाहत कोपऱ्यात गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणात जमा व्हायचा. पुढे दुकानात सगळंच डब्यांतून मिळायला लागलं, मदबसा ओस पडला, आणि त्यात आम्ही राहायला आलो.

आम्ही म्हणजे अण्णा, आई, मी आणि धाकटा मिलिंद. अण्णा शेतकी डिप्लोमा झालेले, मज्र्यावर सुपरवायझर. त्याआधी आम्ही दुबईतल्या कुसैसला दोन खोल्यांत एका केरळी कुटुंबाबरोबर राहत होतो. मधे पडदा, स्वयंपाकघराच्या वेळा वाटून घेतलेल्या. त्यांच्या मासळीचा वास आईला चाले, कारण ती कोकणातलीच. पण आपल्या ओट्यावर दुसऱ्याची कढई बघणं तिला अजिबात चालत नसे. लग्न झाल्यापासून तिनं हेच पाहिलं होतं. सासरी एक खोली जावेबरोबर, मग चिपळूणला भाड्याची, मग कुसैस. "उंबरठा तेवढा माझा असावा, मग आत काहीही नसलं तरी चालेल," असं ती म्हणायची. अण्णांनी हे अरबाबना कधी सांगितलं कोण जाणे. अरबाब म्हातारे, दाढी मेंदीनं लाल केलेली, बोलायचे तिथली हिंदी. म्हणाले, "फॅमिली इदर लाओ. मदबसा खाली है. तुम ठीक करो, तुम रहो. खलास."

अण्णांनी खरोखरच ठीक केलं. पाणी सोडून झालं, मजूर आपल्या खोल्यांकडे गेले की अण्णा आणि पठाण फोरमन गुल खान मदबशात शिरायचे. भिंत इतकी जाड की खिडकी पाडताना अण्णांचा हात खांद्यापर्यंत आत जायचा. बाहेरच्या अंगाला ओटा झाला, न्हाणी झाली, घाफ नावाच्या वाळवंटी झाडाच्या लाकडाचा उंबरठा बसला. राहिली ती जमीन. पन्हळी आणि वरंबे, पन्हळी आणि वरंबे, नांगरलेल्या शेतात चालल्यासारखं. तिच्यावर ना पाट बसेना, ना गादी पसरता येईना, आणि पंगतीला बसायचं म्हटलं तर ताट एकीकडे आणि आमटी दुसरीकडे. आई म्हणाली, जमीन सपाट पाहिजे. अण्णांनी अरबाबकडे सिमेंट मागितलं, ते आलं, आणि सिमेंट ओतायच्या आधी आईनं दुसरी गोष्ट काढली. तिला वास्तुशांत हवी होती.

आता कुणालाही वाटेल की परक्याच्या शेतातल्या परक्याच्या कोठाराची कसली वास्तुशांत? अण्णांनाही वाटलं. पण आई ऐकेना. शेवटी कुसैसचे जोशीकाका आले. जोशीकाका एरवी एसीच्या डक्टची ड्रॉइंग करायचे आणि शुक्रवारी सत्यनारायण सांगायचे. होम पेटला तेव्हा दारातून निघालेला धूर बघून गुल खान पाण्याची बादली घेऊन धावत आला, आणि अण्णा मधे पडले नसते तर त्यानं अग्निनारायणासकट जोशीकाकांना न्हाऊ घातलं असतं. वास्तुपुरुषाची प्रतिमा आईनं स्वतःच्या मोडक्या कुडीच्या सोन्याची करून घेतली होती, शारजातल्या एका बंगाली सोनाराकडून. त्या सोनाराला वास्तुपुरुष म्हणजे काय ते समजेना, म्हणून आईनं कागदावर चितारून दिलं, आणि तो प्रकार एखाद्या झोपलेल्या पोरासारखा झाला. प्रतिमा, सप्तधान्य, रत्नांच्या चार कण्या तांब्याच्या डबीत घातल्या. खड्डा आग्नेयेला घ्यायचा असतो. जोशीकाकांनी होकायंत्र काढलं, बघितलं आणि हसायला लागले. आग्नेय कोपऱ्यात नेमका तो रांजण होता. "वहिनी, तुमच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच कुणी खड्डा करून ठेवलाय," ते म्हणाले. डबी रांजणात गेली, पालथी. वास्तुपुरुष पालथाच ठेवायचा असतो, तोंड खाली. वर वाळू भरली, आणि दुसऱ्या दिवशी गुल खाननं सगळीकडे सिमेंट ओतून थापीनं गुळगुळीत केलं.

सिमेंट वाळल्यावर अरबाबना जेवायला बोलावलं. ते त्या सपाट जमिनीवर मांडी घालून बसले, श्रीखंड तीनदा मागून घेतलं, आणि जमीन हातानं चाचपून "जैन, जैन," म्हणजे छान, छान म्हणाले. आपल्या आजोबांच्या पन्हळी बुजवल्या म्हणून त्यांच्या कपाळाला आठी पडली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे लोक आले ते जुन्याची कदर मोठमोठ्या शब्दांत करायचे. ज्याचं ते खरोखर होतं त्या म्हाताऱ्याला आम्ही तिथे जेवतो-खातो याचाच आनंद होता.

त्या दिवसापासून घरात एक कायदा लागू झाला. घरात वाईट बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते. मिलिंद शाळेतून आला की दप्तर फेकून म्हणायचा, "आई, धिस इज अ गोडाऊन! नोबडी लिव्ज इन अ गोडाऊन!" आई लगेच "शू!" करायची आणि त्याच्या तोंडात काहीतरी गोड कोंबायची, शब्द बाहेर पडल्याबरोबर गोड करून टाकायचा म्हणून. गोड म्हणजे खजूरच. आमच्याकडे खजुराचं काय नव्हतं? पुरणाऐवजी खजुराच्या पोळ्या, चिंचेबरोबर खजुराची चटणी, बी काढून शेंगदाणे भरलेला खजूर डब्यात. आणि वास! उन्हाळा चढला की भिंतींमधून जुन्या पाकाचा वास सुटायचा, गोड, थोडा आंबलेला, आणि त्या वासावर मुंग्यांच्या रांगा यायच्या. आई सगळ्या डब्यांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची. आजही कुणी खजुराची बशी पुढे केली की माझे डोळे आधी बशीखाली मुंग्या शोधतात. पंपाची धडधड, कूलरच्या पाण्याची टिपटिप, वाऱ्यावर वाजणाऱ्या सुक्या झावळ्या, मजुरांच्या छोट्या मशिदीतली अजान, आणि या सगळ्यात आईचं अथर्वशीर्ष. भाजीच्या पिकअपमध्ये काकड्यांच्या खोक्यांशेजारी बसून मी शाळेत जायची. मी सुखी होते का? होते. त्या वयात मी तसं मान्य केलं नसतं, पण होते.

अमावास्येला आई त्या कोपऱ्यात भाताची मूद, वर तूप असा नैवेद्य ठेवायची. वास्तुपुरुष जन्मजात भुकेला, त्याला घरातलं काहीतरी मिळालं पाहिजे, नाहीतर तो घरच खातो, असं तिचं म्हणणं. अण्णा चेष्टा करायचे, "अगं, खाली पाकाचा रांजण आहे, त्याला डायबेटिस होईल." पण नैवेद्य ठेवायला आई विसरली तर आठवण तेच करून द्यायचे.

मग अरबाब गेले. मज्रा मुलाकडे आला. हमद. तो इंग्लंडमध्ये शिकून आला होता. आयत्या बिळावर नागोबा असं आई त्याला मनातल्या मनात म्हणत असणार, कारण मोठ्यानं म्हणायची सोयच नव्हती. पण तो वाईट नव्हता. तो वाईट असता तर फार बरं झालं असतं, मला आज त्याच्यावर सगळं ढकलता आलं असतं. तो आला, उंबरठ्याबाहेर चपला काढल्या, आईच्या हातचा चहा प्यायला, आणि भिंतींवरून हात फिरवत अण्णांना म्हणाला, "अंकल, इंग्लंड में मैं ऐसे ही घर में रहता था. ओल्ड फार्म बिल्डिंग. ब्यूटिफुल!" तिकडे म्हणे कसलीशी फुलं वाळवायच्या जुन्या इमारती असतात, उंच टोपीसारखं छप्पर असलेल्या, लोक त्या विकत घेऊन, जुनं जपून, त्यात घरं करतात. त्याला मदबशाचं तसं करायचं होतं. ती फुलं बिअरमध्ये घालतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. शारजात दारूचं नाव काढायची बंदी, त्यातून अण्णा वडीलधारे, म्हणून त्यानं फक्त फुलं सांगितलं.

"पण साहेब, घर तर झालेलंच आहे," असं आई मराठीत म्हणाली. अण्णांनी त्याचं भाषांतर केलं नाही.

जुनं जपायचं म्हणजे काय, तर आमचं काढायचं. खिडकी बुजवायची, ओटा तोडायचा, सिमेंट उखडायचं आणि पन्हळी पुन्हा उघड्या करायच्या. "ओरिजिनल," हमद म्हणायचा. आम्हाला त्यानं शारजात फ्लॅट बघून दिला, सामानाला ट्रक दिला, घाई नाही म्हणाला. अण्णांची नोकरी तशीच राहणार होती. व्हिसा मात्र तेव्हाच नवा करायचा होता आणि त्यावर सही आता हमदची लागणार होती. अण्णा पन्नाशीपलीकडे गेलेले. माझं कॉलेज, मिलिंदची शाळा. या सगळ्याचं ओझं त्यांच्या डोक्यावर होतं हे मला कळतं. तेव्हाही कळत होतं.

आईनं रडारड केली नाही. तिनं एकच मागितलं. "खणायच्या आधी वास्तुपुरुष आपण काढून घेऊ. जोशीभावजींना बोलवा, उत्तरपूजा करू, समुद्रात सोडू. त्याला असा उघड्यावर टाकून जायचं नाही."

"सांगतो हमदला," अण्णा म्हणाले.

"सांगा म्हणजे? त्याला सांगायचं काय त्यात? आपलं आहे, आपण काढू."

"अगं, त्याच्या जमिनीत आपण मूर्ती पुरली आहे. म्हातारा वेगळा होता. हे लोक काय अर्थ काढतील सांगता येतं का? व्हिसाचं होऊ दे. आधीच हात दाखवून अवलक्षण कशाला? ते कोपऱ्याकडे शेवटी येणार आहेत, तोवर मी काढतो गुपचूप."

उद्या काढतो, परवा काढतो असं चाललं. आई रोज विचारायची आणि अण्णा रोज मान हलवायचे. मला आठवतं, त्या आठवड्यात ती कोपऱ्यावर पायसुद्धा ठेवत नव्हती, वळसा घालून जायची. सामान बांधून झालं होतं. गॅस तेवढा चालू होता.

हमदनं जुन्या इमारतींची माहिती असलेला एक माणूस आणला होता. त्यानं इतर मदबसे पाहिले होते. पन्हळींचा उतार कुठे जातो ते त्याला ठाऊक, म्हणजे रांजण कुठे असणार तेही ठाऊक. तो शेवटी कशाला येईल? त्यानं सुरुवातच तिथून केली. अण्णा सकाळी पाण्याच्या पाळ्या लावायला गेले होते. ठणठण ऐकू आली तशी आई पोळ्या टाकून धावली, मी तिच्यामागे. गुल खानच्या हातात पहार होती. आमच्याकडे बघून तो थांबला, पण हमद म्हणाला, "यल्ला, यल्ला," म्हणजे चला, चला, आणि सिमेंटचा तुकडा उचकटून निघाला. खाली रांजणाचं तोंड दिसलं तेव्हा हमदनं लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. मग त्या माणसानं वाळू उपसली आणि हिरवी पडलेली तांब्याची डबी वर काढली.

तोवर कुणीतरी अण्णांना बोलावून आणलं होतं. ते चिखलाच्या पायांनी आत आले. डबी उघडलेली होती. धान्याची पूड झाली होती, पण सोनं सोनंच असतं. हमदच्या तळहातावर आईच्या कुडीचा तो वेडावाकडा वास्तुपुरुष उताणा पडला होता आणि दारातल्या उन्हात चकाकत होता.

"अंकल," हमद हळू आवाजात म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. आज मी ते पुन्हा पुन्हा ऐकते, त्यात राग नव्हताच. "ये क्या है? आपका है?"

आईनं पुढे पाऊल टाकलं. तिच्या हाताला कणीक होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग डबीकडे, मग हमदकडे.

"नहीं साहेब," ते म्हणाले. "हमारा नहीं है. पहले से होगा."

गुल खान खाली बघत होता. होमाच्या धुराकडे बादली घेऊन तोच धावला होता, सिमेंट त्यानंच ओतलं होतं. मग तो म्हणाला, "हाँ साब. बहोत पुराना होगा." त्यानं ते अण्णांसाठी म्हटलं. अण्णांना आधार द्यायला एवढं एकच त्याच्याकडे होतं.

हमदचा चेहरा उजळला. हे तर हिंदुस्थानातून आलेलं, तो त्या माणसाला अरबीत सांगू लागला. जुन्या व्यापाराचं, पडावांचं, मोत्यांचं काहीबाही. प्रतिमा त्यानं स्वतःच्या पांढऱ्या रुमालात गुंडाळली. आई तशीच उभी होती. सगळे बाहेर गेल्यावर ती अण्णांना एवढंच म्हणाली, "अहो, घरात उभं राहून म्हणालात."

आईनं करपलेली पोळी तव्यावरून काढली, गॅस बंद केला, आणि त्या घरात पुन्हा पेटवला नाही.

व्हिसा झाला. ज्यासाठी खोटं बोलले ते मिळालं, हेही लिहिलं पाहिजे. अण्णा शारजाच्या फ्लॅटमधून रोज मज्र्यावर जात आणि आमची खिडकी बुजवण्याच्या कामावर देखरेख करत. पुढे शेतीच आवरत आली आणि नोकरी गेली ती गेलीच. चिपळूणला परतल्यावर दोनदा जागेची बोलणी झाली, दोनदा मोडली. एकदा वाटणीचं भांडण निघालं, एकदा बिल्डर पळाला. अण्णा शेवटी भाड्याच्या ब्लॉकमध्येच वारले. असल्या गोष्टी मी मानत नाही. जागांचे व्यवहार सगळ्यांचेच मोडतात. पण प्रत्येक वेळी बोलणी मोडल्याचं सांगून अण्णा खाली बसत, आणि आई काहीही न बोलता त्यांच्यापुढे पाणी ठेवी, तेव्हा त्या खोलीत तथास्तु हा शब्द आम्हा सगळ्यांना ऐकू येत असे. अण्णांचा मला अजून राग आहे. त्यांची कीवही येते, पण राग आधी येतो.

गेल्या हिवाळ्यात मिलिंदच्या मुलीच्या कार्यक्रमासाठी दुबईला गेले होते तेव्हा टॅक्सी करून धैदला गेले. मदबसा आता सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं देतात, आणि दिवसा बघायलाही सोडतात. सुंदर केला आहे. खोटं कशाला बोलू? पन्हळींवर जाड काच बसवली आहे, खालून दिवे. म्हणजे जमीन पुन्हा सपाटच झाली. आमच्या सिमेंटची मात्र अडचण होती. उंबरठा तोच आहे. घाफचा, अण्णांनी तासलेला. तो त्यांना ओरिजिनल वाटला असावा.

आणि आग्नेय कोपऱ्यात, भिंतीतल्या कोनाड्यात, काचेच्या पेटीत तो होता. उभा करून ठेवलेला, तोंड बाहेर. तिथे काम करणारी मुलगी हैदराबादची होती, गोड बोलणारी. "मॅम, आर यू फ्रॉम इंडिया? ये भी इंडिया से है," ती म्हणाली. "व्हेरी ओल्ड." मी किती जुना विचारलं. तिनं हात हवेत उडवले. दाराशी पाहुण्यांसाठी खजुरांची बशी होती. मी त्यातला एक उचलला आणि पेटीपुढे, कोनाड्याच्या कडेवर ठेवला. हात जोडले की नाही ते आठवत नाही. मी वळते तोच त्या मुलीनं टिश्यूनं तो खजूर उचलला. "सॉरी मॅम," ती ओशाळून म्हणाली, "चींटियाँ आ जाती हैं."

परतताना टॅक्सीतून आईला फोन लावला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, कान गेले आहेत, पण या एका गोष्टीचं तिला सगळं ऐकू आलं. पन्हळी, काच, उंबरठा. तिनं हूं हूं केलं. वास्तुपुरुष उभा ठेवलाय तेही सांगितलं.

"शुभे," मग ती म्हणाली, "त्याला कोणी काही देतं का ग खायला?"

"मी खजूर ठेवला, आई."

"बरं केलंस. इतकी वर्षं उपाशी असणार ग तो." तिचा श्वास ऐकू येत होता. "आणि तिथं कोणी विचारलं ना, हे कुणाचं म्हणून, तर सांग हो. आमचं आहे म्हण. घरात उभं राहून म्हण."

मी हो म्हटलं. टॅक्सी तोवर मोठ्या रस्त्याला लागली होती, आणि तिथे मला कोणी विचारलंच नव्हतं.